ताईचं दुसरं दार

माझी थोरली बहीण टपाल वाटते. आमच्या भागात तिला सगळे 'सावकाश बाई' म्हणतात. कुणी प्रेमाने म्हणतं, कुणी वैतागून. सकाळी टपाल कचेरीतून निघाली की ती सरळ कामाला लागत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. आधी कोपऱ्यावरच्या टेलरकडे थांबणार, त्याच्या कट्ट्यावर पिशवी ठेवणार आणि लावलेली पत्रं पुन्हा लावल्यासारखं करणार. मग रमतगमत सपाट रस्त्यावरची घरं घेणार. किल्लीवाल्याशी दोन शब्द, औषधवाल्याशी चार. बघणाऱ्याला प्रश्न पडावा, या बाईला हे टपाल आज वाटायचंय की उद्या? आणि मग कुठेतरी मध्येच तिच्या अंगात काय संचारतं कोण जाणे, तीच बाई दगडी पायऱ्यांची उभी गल्ली अशी चढून जाते की मागून येणाऱ्या तरण्याताठ्या माणसाच्या नाकी नऊ यावेत. वरच्या आळीतली शेवटची पेटी होईपर्यंत ती मग कुठे टेकत नाही.

मी घड्याळं दुरुस्त करतो. एका जिन्याखाली माझं दुकान आहे, त्यात मी आणि एक स्टूल मावतो. मी तिरसट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात आणि ताईही म्हणते. एवढ्या लोकांचं एकमत असल्यावर मी वाद घालत नाही. कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही, जीभ अडखळते. पण ताईबद्दल लिहायला बसलोय, तर ते करावंच लागणार. तिने माझ्यासाठी काय केलं हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

लहानपणी आम्ही दोघंही दिसायला धडधाकट होतो. पण ताईला पळायला लावलं की ती थोड्याच अंतरावर पोटऱ्या धरून बसायची. पाण्याची बादली घेऊन जिना चढायचा तर मधल्या पायरीवर तिचा मुक्काम ठरलेला. आई म्हणायची, "हिला कामाचं नाव काढलं की धाड भरते." वडील म्हणायचे, "खाते दोघांचं, कामाला अर्धी." ताई उलटून बोलायची नाही. शेजारच्या बायकासुद्धा जाता-येता तिच्या आळशीपणावर तोंडसुख घ्यायच्या.

मला मात्र कुणी बोलत नसे. मला लहान असताना मोठा ताप येऊन गेला होता आणि त्या तापाने पोर आतून पोखरलं, असं घरात आणि शाळेत ठरून गेलं होतं. खेळाच्या तासाला मी झाडाखाली बसायचो. मास्तर स्वतः येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवून जायचे. धावलो की माझेही पाय आवळून यायचे, पण त्याला कारण होतं. ताईच्या पायांना कारण नव्हतं, त्यांना फक्त नावं ठेवली जात होती.

त्या पायांचा नाद पुरवता पुरवता ताईने एक शोध लावला. तो ती मला शाळेच्या वाटेवर सांगायची. "दुखायला लागलं ना, की हट्ट करायचा नाही. पाय हळू करायचे, वाटलं तर थांबायचं, पण घरी परतायचं नाही. असं थोडा वेळ रेंगाळलं की आत कुठेतरी दुसरं दार उघडतं. मग पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे चालतात."

"तुझं दार तुला लखलाभ," मी म्हणायचो. "माझ्या आत भिंत आहे."

"अरे, पण बघ तरी एकदा."

मी काही बघितलं नाही. मला बसायची मुभा होती, मी बसलो. पुढे बसून करायचाच धंदा निवडला. ताईने चालायचा निवडला.

तिला टपाल वाटपाची नोकरी लागली तेव्हा वडील जेवता जेवता हसले होते. "चालायचं काम? आणि हिला?" पण ते काम जणू तिच्याच मापाचं शिवलं होतं. वाटप कुठून सुरू करायचं आणि कुठे संपवायचं हे तिचं तिने ठरवलं. आधी सपाट रस्ता, मग थोडा चढ, पायऱ्या सगळ्यात शेवटी. निघायच्या आधी भरपूर साखरेचा चहा. जुन्या पोस्टमास्तरांना एकच कळायचं, पिशवी रिकामी होऊन आली की नाही. ती रोज रिकामी यायची. वरच्या आळीत एक म्हातारे पेटीवादक होते, त्यांना दिसत नसे. ताई त्यांना नुसतं पत्र देऊन थांबायची नाही, ते वाचून दाखवायची आणि मजकूर रडका असला तर मधली एखादी ओळ गाळायची. घरी येऊन हे सगळं मला सांगायची. तिच्या तोंडावर तेव्हा जे समाधान असायचं ते मी चांगल्या चालीच्या घड्याळातही फारसं पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी कचेरीला एक छोटी गाडी मिळाली आणि तिथून घोटाळा सुरू झाला. घोटाळा प्रेमाचा होता, म्हणून तर तो कुणाला थांबवता आला नाही. कचेरीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाईंचं आता वय झालं, त्यांना एवढं चालवायचं नाही. गाडीच्या ड्रायव्हरने तिची पिशवी स्वतः उचलून आत ठेवली. "बाई, तुम्ही पायी आणि आम्ही गाडीत? लोक काय म्हणतील आम्हाला? बसा." ताई बसली. सपाट रस्ता, टेलर, किल्लीवाला, सगळे काचेतून मागे गेले आणि गाडी थेट उभ्या पायऱ्यांच्या तळाशी थांबली.

आता त्यांना सांगायचं तरी काय? तुम्ही माझा जो रस्ता वाचवलात, तोच मला हवा होता? का हवा होता हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? ड्रायव्हर भला माणूस. तो लगेच गेला नाही. बाई नीट वर पोचतात का हे बघायला खाली उभा राहिला आणि हात हलवत राहिला. एवढ्या कौतुकाने कुणी बघत असताना तिसऱ्या पायरीवर बसायचं कसं? त्या दिवशी पार्सलांमुळे पिशवीही जड होती. ताई न थांबता चढत राहिली.

अर्ध्यावर तिचे पाय लाकडासारखे झाले. पिशवीचा पट्टा धरलेली मूठ उघडेना. ड्रायव्हर धावत वर गेला आणि तिला जवळजवळ उचलून खाली घेऊन आला. घरी आल्यावर ती म्हणत राहिली, "होतं असं, बसेल दुखणं." पण दुपारी लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. तिने हे मला जाता जाता सांगितलं, उन्हामुळे असेल म्हणून. मी दुकानाची फळकुटं लावली, आरडाओरडा केला आणि तिला दवाखान्यात नेलं. आयुष्यात माझा आरडाओरडा तेवढा एकदाच उपयोगी पडला असेल.

स्नायू आतून फुटले होते आणि त्यांचा गाळ मूत्रपिंडांत जाऊन बसत होता. सलाईनवर सलाईन लावून तो धुऊन काढला. आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. ड्रायव्हर रोज येऊन व्हरांड्यात बसायचा, आत यायची त्याची हिंमत होत नव्हती. शेवटी ताईनेच त्याला हाक मारून आत घेतलं आणि बिस्किटं खायला लावली.

तिथली डॉक्टर तरुण होती, बोलायला चटपटीत. याआधीच्या सगळ्या डॉक्टरांनी ताईला एकच विचारलं होतं, कशाने दमता? हिने तेही विचारलं आणि मग म्हणाली, "बरं, दमल्यावर जरा थांबलात तर पुढे काय होतं?"

ताई उशीवरून उठून बसली. "पुढे? पुढे मग मी दिवसभर चालते की."

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. खुर्ची ओढली आणि म्हणाली, "सगळं सांगा. अगदी लहानपणापासून." त्या एका प्रश्नासाठी मी त्या मुलीचा जन्मभर ऋणी आहे.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, काही लांब पाठवल्या. त्या परत आल्यावर तिने आम्हाला समोर बसवून समजावलं. "ताई, स्नायूच्या पेशीत साखर साठवलेली असते. सुटी नाही, कणाला कण जोडून केलेला गठ्ठाच असतो तो. एकदम पळायचं, काही जड उचलायचं, की बाहेरून मदत यायला वेळ लागतो. मग पेशी आधी घरातल्या गठ्ठ्याला हात घालते. त्यातून कण सोडवून देणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. तुमच्या स्नायूंत ते जन्मापासूनच नाही. म्हणजे साठा भरलेला आहे, इतरांपेक्षा जास्तच आहे, पण तो सुटत नाही."

"म्हणजे आळस नाही," ताई म्हणाली.

"आळस?" डॉक्टरला कळेचना. "तुम्ही भरल्या घरात उपाशी होतात."

ताई खिडकीकडे तोंड करून पदराने चष्मा पुसत राहिली. मी माझ्या परीने समजून घेत होतो. पूर्ण चावी दिलेलं घड्याळ, पण स्प्रिंग सुटतच नाही. लोक असं घड्याळ हलवतात, आपटतात आणि म्हणतात, बिघडलं. मी असली कितीतरी बघितली होती आणि घरात एक बघायचं राहून गेलं होतं.

"आणि माझं दुसरं दार?" ताईने विचारलं. ते काय हे आधी डॉक्टरला सांगावं लागलं. ती खूश झाली.

"ते खरंच आहे. ते दार रक्ताचं. यकृत त्याच्याजवळची साखर रक्तात सोडतं. अंगातली चरबी सुटी होऊन येते. पेशीत ती प्राणवायूबरोबर जळते आणि तिच्यातली ऊर्जा मोकळी होते. पण हे सगळं रंगात यायला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुम्ही टेलरच्या कट्ट्यावर काढत होतात."

"पण जळते ती एकीकडे आणि पाय हलतो तो दुसरीकडे," मी मध्ये तोंड घातलं. "मधे कोण असतं?" चक्राला चक्र लागल्याशिवाय काटा हलत नाही, एवढं मला कळतं.

"मधे एक छोटासा रेणू असतो. तो ऊर्जेचं पुडकं घेतो, जिथे काम चाललंय तिथे टाकतो, रिकामा परत येतो आणि पुन्हा भरून निघतो. दिवसात शेकडो खेपा."

"अगंबाई, म्हणजे आमच्यातलाच!" ताई म्हणाली. डॉक्टर इतकी हसली की नर्स डोकावून गेली. मग ती म्हणाली, "आणि एक. स्नायू आवळायलाच ऊर्जा लागते असं नाही, सैल सोडायलाही लागते. पुडकी पोचली नाहीत, म्हणून तुमची मूठ उघडली नाही."

हा दोष आईकडून आणि वडिलांकडून असा दोन्हीकडून मिळाला तरच त्रास होतो, हेही तिने सांगितलं. आमच्या आईवडिलांचं जन्मात एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. निदान इथे तरी झालं म्हणायचं.

ताई कामावर गेली तेव्हा कचेरीत तिच्यासाठी खुर्ची तयार होती. वर मऊ गादी. शिक्के मारायचे आणि पाकिटं वेगळी करायची. नवे पोस्टमास्तर सज्जन होते, म्हणाले, "बाई, आता निवृत्तीपर्यंत इथेच आरामात." ताईने आभार मानले आणि तिचा चेहरा पडला. काही आठवड्यांतच ती घरातल्या घरात धापा टाकायला लागली. संध्याकाळी माझ्या दुकानाशी येऊन स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "वरच्या आळीत आता कोण जातं रे? पत्र वाचून दाखवतात का त्यांना?"

डॉक्टरला हे कळलं तेव्हा ती खवळली. "चालणं हेच तुमचं औषध आहे. नुसत्या बसलात तर जे थोडं जमतंय तेही स्नायू विसरतील." पोस्टमास्तरांशी ती फोनवर बोलली. ते म्हणाले, "माझं माणूस मला पुन्हा सलाईनवर बघायचं नाही. तुम्ही चालवून बघा. तुम्ही ठाम सांगितलंत तर पायी वाटप परत देतो, नाहीतर खुर्ची." त्यांचंही चूक नव्हतं. ताईचं सगळं आता त्या एका चालण्यावर आलं.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात हे चालणं व्हायचं होतं. बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावायचा आणि दहा-बारा मिनिटं एका चालीने फेऱ्या मारायच्या. पायांत कळ आली तर चाल हळू करायची, पण टिकवायची. तिला धीर म्हणून मी बरोबर चालायला लागलो. शाळकरी पोरीसारखी तिची परीक्षा घेतायत याचा मला राग आला होता आणि रागाने माझी चाल वाढली. दुसऱ्या फेरीलाच माझी पोटरी अशी आवळली की मी भिंत धरून खाली बसलो.

ताई पुढे गेली होती. तिने वळून पाहिलं आणि थांबली. खरं तर थांबली नाहीच, बोटाचा चिमटा काढून फेकला आणि परत आली. "पाय सोड. दाबू नकोस. श्वास घे," असं म्हणत माझ्याजवळ फरशीवर बसली. तिची परीक्षा तिथेच मोडली. तिला त्याचं भानही नव्हतं.

डॉक्टर उकिडवी बसून माझ्या पोटरीकडे बघत होती. दगडासारखा गोळा झाला होता. "यांनाही?"

"लहानपणापासून," ताई म्हणाली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "मला तर तापामुळे..."

"ताप तुला आला होता, दोन दिवसांत उतरलाही होता. पुढे तुझेही पाय धरायला लागले. तेव्हा मीच आईला आणि मास्तरांना सांगितलं की तापाने झालंय. मला बोलायचे तेवढं पुरे होतं की. आजाराचं नाव असलं की माणसाला कुणी आळशी म्हणत नाही."

"मग स्वतःसाठी का नाही सांगितलंस?"

"एका घरात दोघांना कोण मानेल, बाबा?"

ती तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांची असेल. मी फरशीवर बसून ढसाढसा रडलो. पोटरी दुखतेय असं नर्सला वाटलं आणि तिने बर्फ आणला.

माझ्याही तपासण्या झाल्या आणि तेच निघालं. मूत्रपिंडं मात्र शाबूत होती. "इतकी वर्षं तुम्ही एकदाही जोराने धावला नाहीत, म्हणून वाचलात," असं डॉक्टर म्हणाली. मी कुणामुळे धावलो नव्हतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच व्हरांडा. या वेळी दोघांच्या बोटांना चिमटे होते, आधी दोघांना साखरेचं पाणी पाजलं होतं आणि माझा हात ताईच्या हातात होता. "माझ्या चालीने चाल. पुढे गेलास तर बघ." आम्ही लग्नाच्या वरातीपेक्षाही हळू चालत होतो. कळ आली. माझी नाडी धावत होती, तोंडाला कोरड पडली होती. मी नेहमीप्रमाणे बाकाकडे बघितलं. ताईने चाल आणखी हळू केली, पण हात सोडला नाही.

काही फेऱ्यांनंतर डॉक्टर तिच्या आकड्यांकडे बघून उजळली. "ताई, उतरली नाडी. आता त्याच श्रमात तुम्ही आरामात आहात. झालं तुमचं काम, थांबा. मी आत्ताच साहेबांना फोन करते. टपाल तुम्हीच वाटायचं, पायीच, आणि गाडीने कुठेही सोडायचं नाही."

ज्या शब्दांसाठी ती महिनोन् महिने झुरत होती, ते ऐकून ताईने फक्त मान हलवली आणि चालत राहिली.

"ताई, झालं म्हटलं ना. थांबा."

"याचं अजून उघडलं नाही," ताई म्हणाली. "चालू दे त्याला."

आम्ही आणखी एकदा टोकाला जाऊन वळलो. परत येताना, औषधांच्या खिडकीच्या थोडं पुढे, माझ्या पायांतली कळ विरत गेली. आधी मला वाटलं पाय बधिर झाले. तसं नव्हतं. ते हलके झाले होते. छातीतली धडधड शांत होत होती आणि मी चालतच होतो, आणखी चाललो असतो. वयाची पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा न दुखता चालत होतो.

"ताई," मी म्हणालो.

"उघडलं ना?"

मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला मी थांबलो नाही.

"चल," ताई म्हणाली, "वरच्या आळीपर्यंत जाऊन येऊ."